एक रुपयाचं ‘फुकट’: डेटिंग साइट खरी की खोटी, हे ओळखायचं कसं?

मुलुंडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय. वय ३६, घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. एका डेटिंग साइटवर ‘३ दिवस फुकट’ अशी ऑफर दिसली म्हणून त्यांनी नाव, वय, शहर आणि ईमेल टाकून खातं उघडलं. फोटो लावला नव्हता, स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. तरी अर्ध्या तासात आठ मुलींचे मेसेज आले. ते वाचायचे तर कार्डाने १ रुपया भरा, मग फुकटची मुदत सुरू होईल, असं साइट म्हणते. भरावा का? आणि अशी साइट विश्वासाची आहे की नाही, हे आपल्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

भरू नका. हे आधी सांगून टाकते, कारण ऑफरची घड्याळं उलटी धावत असतात आणि माझं उत्तर लांबणार आहे.

मी २७ वर्षं बँकेत काढली. शेवटची ११ वर्षं फोर्टच्या ऑफिसात, कार्डाच्या तक्रारींच्या टेबलावर. ‘माझ्या नकळत पैसे कटले’ म्हणत आलेल्या माणसाचं स्टेटमेंट घ्यायचं आणि त्याच्यासोबत ओळ न् ओळ वाचायची, हे काम. डेटिंग साइटची तक्रार घेऊन आलेला माणूस मला लगेच कळायचा, कारण तो साइटचं नावच घ्यायचा नाही. ‘ते ऑनलाइन काहीतरी होतं’ एवढंच म्हणायचा. सोबत मुलगा किंवा बहीण आली असेल तर तिला बाहेर बाकावर बसवून यायचा. या संकोचावरच हा अख्खा धंदा उभा आहे. माणूस बोलणार नाही, तक्रार करणार नाही, चार महिने पैसे कटत राहिले तरी गप्प बसेल, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. तुम्ही पैसे भरण्याआधी मोकळेपणाने विचारलंत, तिथेच निम्मं काम झालं. आणि छत्तिसाव्या वर्षी सोबत शोधण्यात कमीपणा कसला?

आता तो १ रुपया. तो भरताना रुपया जातोय असं वाटतं, पण साइटला हवं असतं तुमचं कार्ड. एकदा कार्ड दिलं की पुढचे पैसे ती स्वतः कापू शकते. देशातल्या साइटला यात रिझर्व्ह बँकेचा नियम आडवा येतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून वारंवार होणाऱ्या कपातीसाठी पहिल्या वेळी ओटीपी घालून मँडेट, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायची आगाऊ परवानगी, मंजूर करावं लागतं. पुढच्या प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी तुम्हाला मेसेज यायला हवा. १५,००० रुपयांवरच्या अशा कपातीला पुन्हा ओटीपी लागतो; ही मर्यादा आधी ५,००० होती, २०२२ मध्ये वाढवली. यूपीआय ऑटोपेचंही असंच आहे, पिन टाकल्याशिवाय मँडेट होत नाही. अडचण एवढीच की पिन टाकताना पडद्यावरचं कुणी वाचत नाही. वर ठळक १ रुपया असतो आणि खाली बारीक अक्षरात कमाल किती, दर किती दिवसांनी, कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेलं असतं. ती बारीक ओळ म्हणजेच खरा करार. ट्रेनमध्ये उभ्याने पिन टाकू नका. घरी या, बसा, ती ओळ मोठ्याने वाचा, मग ठरवा.

परदेशी साइट असेल तर परिस्थिती जास्त वाईट. परदेशातल्या व्यापाऱ्याला ओटीपी मागावाच लागतो असं नाही. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे निघून जातात. हे लोकांना माहीत नसतं. ‘ओटीपी दिला नाही म्हणजे पैसे जाणार नाहीत’ अशा भरवशावर राहून फसलेली माणसं मी ओळीने पाहिली. याच कारणासाठी २०२० पासून नवं कार्ड हातात येतं तेव्हा त्यावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद असतात, आपणच ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करायचे. तेव्हा एखादी साइट ‘तुमचं कार्ड चालत नाही, आधी इंटरनॅशनल व्यवहार चालू करा’ म्हणाली, तर ते बटण दाबू नका. तुम्हाला कुलूप उघडायला सांगतायत.

परळचे एक निवृत्त गृहस्थ माझ्यापुढे बसले होते, ते आठवतात. पत्नी जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. स्टेटमेंटच्या कागदांच्या चारही घड्या नीट, आणि आत काही ओळींवर पेन्सिलीने बारीक फुल्या. पहिली फुली होती १ डॉलरवर. तिच्यानंतर तिसऱ्या दिवशी जवळजवळ ४० डॉलर, मग दर ३० दिवसांनी तेवढेच. त्यांच्या साइटचं नाव स्टेटमेंटवर कुठेच नव्हतं; तीन वेगवेगळी नावं होती, तिन्ही त्यांनी कधी ऐकली नव्हती. एक त्या साइटच्या मालक कंपनीचं निघालं. बाकी दोन त्यांच्याच ‘सोबतच्या’ साइटची होती, ज्यांच्या चौकटींत आधीपासून बरोबरची खूण होती आणि यांनी ती काढली नव्हती. त्यात प्रत्येक व्यवहारावर परकीय चलनाचं शुल्क. त्यात हे दर महिन्याला कार्डाची किमान रक्कमच भरत होते, म्हणून व्याज. असे ११ महिने. बँकेला फोन का केला नाहीत, असं विचारलं तेव्हा म्हणाले, ‘फोनवर त्या मुलीला काय सांगणार होतो?’

आम्ही कंपनीकडे वाद टाकला. कंपनीने उत्तरात त्यांनी अटी मान्य केल्याची तारीख, वेळ आणि इंटरनेटचा पत्ता पाठवून दिला. कार्डांच्या नियमात बहुतेक वादांना साधारण १२० दिवसांची मुदत असते, त्यामुळे जुन्या महिन्यांना हात लावता आला नाही. ज्या दोन साइटवर ते कधी गेलेच नव्हते, तिथले शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे परत मिळाले. बाकीचे गेले. म्हणून म्हणते, १ रुपया भरायच्या आधीची पाच मिनिटं नंतरच्या पाच महिन्यांच्या पत्रव्यवहारापेक्षा फार मोलाची असतात.

त्या आठ मेसेजेसकडे येऊ.

फोटो नाही, माहिती नाही, आणि तरी अर्ध्या तासात आठ जणी बोलायला उत्सुक? माणसं अशी वागत नाहीत. ही जुनी चाल आहे आणि ती कागदावर सिद्ध झालेली आहे. जेडीआय डेटिंग नावाची इंग्लंडमधली कंपनी अशा १८ साइट चालवायची. फुकट खातं उघडलं की लगेच मेसेज यायचे, वाचायला किंवा उत्तर द्यायला पैसे. मेसेज पाठवणाऱ्या बऱ्याच बायका कंपनीनेच बनवलेल्या खोट्या प्रोफाइल होत्या. त्यांना कंपनी ‘व्हर्च्युअल क्युपिड’ म्हणायची आणि प्रोफाइलवर कोपऱ्यात कुणाच्या लक्षात येणार नाही असं छोटं चिन्ह ठेवायची. वर सबस्क्रिप्शन आपोआप पुढे चालू. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, त्यांच्याकडून ६,१६,१६५ डॉलर वसूल करण्याचा समझोता केला.

हे लहान कंपन्यांपुरतंच आहे असं समजू नका. मॅच डॉट कॉम हे या क्षेत्रातलं फार जुनं आणि मोठं नाव. त्याच कमिशनने २०१९ मध्ये मॅच ग्रुपवर खटला भरला. आरोप असा की पैसे न भरलेल्या लोकांना ‘कुणाला तरी तुम्ही आवडलात’ अशा जाहिराती जात होत्या, आणि त्यातल्या काही अशा खात्यांच्या जोरावर होत्या ज्यांच्यावर कंपनीने स्वतःच फसवणुकीचा संशय नोंदवला होता. खटल्यात फुकट ऑफरही होती. सहा महिन्यांत कुणी भेटलं नाही तर पुढचे सहा महिने फुकट, अशी हमी. पण तिच्या अटी बहुतेकांना कळतील अशा सांगितल्या नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलर द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं. मोठं नाव म्हणजे पैसे घेऊन पळून जाणार नाही, एवढी खात्री. आलेला प्रत्येक मेसेज खरा, ही खात्री नव्हे.

मग तपासायचं कसं? मी एक साधी युक्ती वापरते. अशाच एका साइटवर माझ्या भाचीने मला घरच्या वाय-फायवर एक फोटो दाखवला होता. ‘दादर, २ किलोमीटर अंतरावर’, निळ्या कुर्त्यातली, कडेला मनीप्लांटची कुंडी. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडलं तर तीच, त्याच कुर्त्यात, त्याच कुंडीशेजारी, पुण्यात २ किलोमीटरवर. साइट इंटरनेट जोडणीवरून गावाचा अंदाज करते आणि फोटोखाली चिकटवते. हे तुम्ही आज रात्री दोन मिनिटांत करून बघू शकता, कार्ड न देता.

दुसरी कसोटी उत्तराची. साइट एखादा मेसेज फुकट वाचू देत असेल तर त्यात तुमच्याबद्दल काही आहे का ते बघा. ‘हाय, तुझी प्रोफाइल आवडली’ हे रिकाम्या प्रोफाइलला कुणी लिहीत नाही. उत्तर देता येत असेल तर आपल्या भागातलं काहीतरी विचारा, जे इथे राहणाऱ्यालाच माहीत असतं: ‘मुलुंडला पूर्वेला राहता की पश्चिमेला?’ खरी व्यक्ती सांगेल, किंवा ‘इतक्यात सांगणार नाही’ म्हणेल. दोन्ही उत्तरं चांगली. खोटी प्रोफाइल प्रश्न ओलांडून पुढे जाते आणि पुन्हा तुमच्या एकटेपणाकडे येते.

इथे एक फरक लक्षात ठेवा, नाहीतर सगळ्यांवरच संशय घेऊन बसाल. टिंडर, बंबल, हिंज यांसारख्या अ‍ॅपमध्येही बऱ्याच गोष्टींना पैसे पडतात. तुम्हाला कुणी पसंत केलं ते धूसर दिसतं, नीट बघायचं तर पैसे भरा. मला ती पद्धत आवडत नाही. पण तिथे कार्ड न देता खातं उघडता येतं आणि दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर फुकट बोलता येतं. माझी फुकटची व्याख्या ही आहे: जे फुकट आहे त्याला कार्ड लागत नाही. वयाची पडताळणी, माणूस असल्याची पडताळणी, ‘० रुपये, फक्त तपासणीसाठी’ या कुठल्याच नावाखाली नाही. तुम्ही मोठे आहात हे कार्डाने सिद्ध होतं, हे सांगणाऱ्याला कार्ड हवं असतं.

याचाच एक नवा अवतार आलाय. साइट ठीकठाक असते, पण बोलणारी व्यक्ती दोन दिवसांत म्हणते, ‘भेटण्याआधी माझ्या सुरक्षिततेसाठी या लिंकवर फुकट पडताळणी करून घे.’ लिंक तिसऱ्याच साइटची. तिथे कार्ड टाकलं की दरमहा पैसे कटायला लागतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला. ही चाल मला जास्त खटकते, कारण ती समोरच्या बाईच्या भीतीची काळजी घेणाऱ्या सज्जन माणसालाच पकडते. खऱ्या अ‍ॅपची पडताळणी त्याच अ‍ॅपच्या आत होते, सेल्फी किंवा ओळखपत्राने.

साइटच्या दिसण्यावरून फारसं कळत नाही. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी वाचत नाहीये. पलीकडे चोर बसला असेल तर त्याच्यापर्यंतही ते सुरक्षितच पोचतं. ‘सर्वोत्तम १० डेटिंग साइट’ अशा याद्या वाचू नका, त्यातल्या बऱ्याच जणांना पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे कमिशन मिळतं. साइटचा पत्ता कधी नोंदवला गेला ते ‘हूइज’ शोधात फुकट दिसतं. ‘लाखो जोड्या जमवल्या’ म्हणणारी साइट चार महिन्यांपूर्वी नोंदवलेली असेल तर निर्णय झाला.

याहून मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आत शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता शोधा. सबस्क्रिप्शन बंद कसं करायचं, खातं पुसायचं कसं, पैसे परत मागायचे कुणाकडे, ही तीन उत्तरं साइटवर लॉग-इन न करता सापडली पाहिजेत. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अशा साइटने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवणं बंधनकारक आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं हा त्यातला एक, खोटी घाई लावणं हा दुसरा, शेवटच्या पडद्यावर नवे पैसे उगवणं हा तिसरा. तुमच्या स्क्रीनवर उलटं धावणारं ते घड्याळ पान पुन्हा उघडल्यावर पहिल्यापासून सुरू होतं का, बघा. होत असेल तर तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि एक मेल पाठवा. पैसे भरायच्या आधी, साध्या मराठीत किंवा इंग्रजीत: ‘मी सबस्क्रिप्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बंद केलं तर काय होतं? स्टेटमेंटवर कोणत्या नावाने पैसे कटतात?’ दोन दिवस थांबा. मी ही कसोटी कितीतरी जणांना दिली आहे. खरी कंपनी कंटाळवाणं का होईना, उत्तर देते. जी देत नाही ती पैसे कटल्यावर काय देणार?

खातं पुसण्याबद्दल अ‍ॅश्ली मॅडिसनचं उदाहरण विसरू नये. विवाहित लोकांच्या गुप्त भेटींसाठीची ती साइट. खातं पूर्ण पुसायचे ती १९ डॉलर घ्यायची, आणि पैसे घेऊनही माहिती तशीच ठेवायची. २०१५ मध्ये तिच्यावर हॅकर्सनी हल्ला केला, ३ कोटींहून जास्त लोकांची माहिती उघड्यावर आली आणि त्यात पुसण्याचे पैसे भरलेलेही होते. तेव्हा खरं आडनाव, ऑफिसचा ईमेल, इमारतीचं नाव दिसणारा बाल्कनीतला फोटो यातलं काहीही सुरुवातीला देऊ नका. डेटिंगसाठी वेगळा ईमेल करा. पासवर्ड तर मुळीच दुसरीकडचा नको.

अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं पुष्कळांना वाटतं. होत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत, आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली, आणि यूपीआय असेल तर यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन ते रद्द करावं लागतं. हे चांगल्या अ‍ॅपनाही लागू आहे.

इथवर साइटचं झालं. साइट अस्सल असली तरी पलीकडचा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच, आणि मोठ्या रकमा इथेच जातात. साइट महिन्याला तीन-चार हजार खाते. माणूस घर खातो. २०२५ मध्ये मुंबईतल्या एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांचं प्रकरण पोलिसांत गेलं. सुरुवात फेसबुकवरच्या मैत्रीच्या विनंतीने झाली आणि पावणेदोन वर्षांत ७३४ व्यवहारांत जवळजवळ ९ कोटी रुपये गेले. मी तो ७३४ चा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. इतक्या वेळा ते थांबू शकले असते असं बाहेरच्याला वाटतं. पण आजारपण, मुलांची फी, हॉस्पिटल अशी दर वेळी एक नवी नड असते, आणि आधीचे परत मिळतील या आशेनेच पुढचे दिले जातात.

बोरिवलीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या, त्यांच्या बाबतीत पार्सल होतं. परदेशातला डॉक्टर, तीन महिन्यांची ओळख, रोज सकाळी ‘नाश्ता केलास का’ असा मेसेज. मग भेटवस्तूंचं पार्सल पाठवल्याचा फोटो, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या ‘कस्टम’मधून बाईचा फोन: ३८,००० रुपये भरा नाहीतर केस होईल. बाईंनी भरले. मग पार्सलमध्ये परकीय चलन सापडलं म्हणून आणखी दीड लाख, ते मात्र भरण्याआधी बँकेत विचारायला आल्या. मी त्यांना इतकंच विचारलं, ‘पैसे कोणाच्या खात्यात?’ त्यांनी चिठ्ठी दाखवली. एका व्यक्तीचं नाव, बचत खातं, दुसऱ्याच राज्यातली शाखा. सरकार कुणाच्या बचत खात्यात कर घेत नाही. कस्टमच्या खऱ्या पत्रावर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो. त्या चिठ्ठीकडे बघत खूप वेळ बसल्या, मग म्हणाल्या, ‘मला पैशांचं नाही हो वाटत. सकाळी आता कुणी विचारणार नाही.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी चहा मागवला आणि तक्रारीचा अर्ज त्यांच्यासोबत भरला.

म्हणून माणसाची कसोटी पैशांवरच घ्या. न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले, गुंतवणुकीचं अ‍ॅप सुचवलं, किंवा तुम्हालाच पैसे पाठवतो म्हणून यूपीआय पिन टाकायला सांगितला, की तिथे थांबायचं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच.

भेटायची वेळ आली तर जागा तुम्ही सुचवा. ऑगस्ट २०२४ मध्ये अंधेरीतल्या एका क्लबची गोष्ट बरीच गाजली. डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेली मुलगी त्याच क्लबचा आग्रह धरायची, महागडी पेयं मागवायची, मग काही निमित्त काढून निघून जायची, आणि बिल हजारोंच्या घरात. अ‍ॅप खरं, भेट खरी, तरी फसवणूक. पहिल्या भेटीला माटुंग्याचं एखादं उडपी हॉटेल पुरे. मेनूकार्डवर भाव छापलेले असतात, भोवती माणसं असतात, आणि बोलणं रंगलं तर दुसरी कॉफी परवडते. समोरची व्यक्ती अशा जागेला सरळ नाही म्हणत एकाच ठरावीक ठिकाणी बोलावत असेल तर जाऊ नका.

व्हिडिओ कॉलबद्दल थोडंच सांगते, पण नीट ऐका. अनोळखी व्यक्तीने कपडे काढायला लावलं आणि मग रेकॉर्डिंग दाखवून पैसे मागितले, तर एक पैसाही देऊ नका. एकदा दिलेत की मागणी वाढते. चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. खाजगी चित्रं साइटवर टाकली गेली तर ती काढायला २०२१ च्या नियमांत तक्रारीपासून २४ तासांची मुदत घातली होती. स्टॉप एनसीआयआय नावाची फुकट सेवाही आहे; ती तुमचं चित्र तुमच्या फोनवरून कुठेही न पाठवता त्याचा फक्त ठसा तयार करते आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून चित्र अडवतात. समलिंगी मित्रांना हे लोक ‘घरी सांगू’ म्हणून जास्त छळतात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. गुन्हा खंडणीचा आहे आणि तो त्यांचा आहे. पोलिसांकडे बिनधास्त जा.

पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हातात राहतात, आणि हे काही तासांचंच काम असतं. त्यासोबत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रार. कार्ड ब्लॉक करा, मँडेट रद्द करा आणि बँकेत लेखी वाद टाका, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमचा आणि बँकेचा दोष नसताना अनधिकृत व्यवहार झाला आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर बोजा येत नाही. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः टाकला असेल तर हे संरक्षण बहुधा मिळत नाही. हे ऐकायला कडू आहे, तरी खोटी आशा देऊन मी कुणाला पाठवणार नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सुचवते. मनात दुसऱ्या लग्नाचा विचार असेल तर विवाहाच्या साइट आधी बघा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्यांच्यासाठी सूचना काढल्या होत्या, त्यांत सभासदाची ओळख तपासणं आणि तक्रार अधिकारी नेमणं आहे, आणि ही साइट डेटिंगसाठी नाही असं जाहीर करणंही. तिथेही खोटे लोक येतात, पण घरचे, नातेवाईक, प्रत्यक्ष भेट यातून खोटेपणा लवकर बाहेर पडतो. मात्र ‘फुकट नोंदणी’ म्हणून फोन करून एखाद्या स्थळाचा फोटो दाखवायचा आणि तिचा नंबर द्यायला पाच-दहा हजार मागायचे, हे प्रकार तिथेही चालतात. पैसे साइटच्या पानावरच भरा, फोनवरच्या बाईच्या यूपीआयवर नाही.

आज रात्री एवढं करा. त्या साइटवर टाकलेला ईमेल आणि पासवर्ड तुमच्या बँकेत किंवा मुख्य मेलला वापरत असाल तर तिथला पासवर्ड आधी बदला. मग वाय-फाय बंद करून ते पान उघडा आणि त्या आठ जणी कोणत्या गावात राहायला गेल्यात ते बघा. मगच खातं पुसा, आणि पुसल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पुसायला पैसे मागितले तर देऊ नका, तसंच सोडा. कार्ड दिलेलं नाही तोवर त्यांच्या हातात तुमचं नाव, वय, शहर आणि तो ईमेल, एवढंच आहे. दुसऱ्या साइटवर जाल तेव्हा तिला तो दोन प्रश्नांचा मेल पाठवा, आणि उत्तर आलं तर इथे टाका. मी वाचेन आणि त्यातली बारीक ओळ कोणती ते सांगेन.